देश अवाढव्य असला की गाडीशिवाय गत्यंतर नाही?

पायउतार (धागाकर्ता)

मामेभावाशी वाद चालू आहे. त्याचं म्हणणं असं की अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे देश एवढे अवाढव्य आणि वस्ती एवढी विखुरलेली, की तिथे बस-रेल्वेचं गणित बसणंच शक्य नाही. युरोपातल्या चिमुकल्या देशांचे दाखले द्यायचे नाहीत, असंही त्यानं आधीच बजावलंय. मला हे पटत नाही, पण त्यानं नकाशा पुढे केला की माझी बोलती बंद होते. सिडनी ते पर्थ रेल्वेनं ४,३५२ किलोमीटर, आणि मधे मैलोन्‌मैल ओसाड. यावर काय बोलायचं? जाणकारांनी उजेड पाडावा.

(रशियातल्या ट्रान्स-सायबेरियन रेल्वेचा दाखला देऊन झाला. 'तिनं ऑफिसला कोण जातं?' असं उत्तर मिळालं.)

वेळापत्रकवाला

मामेभावानं स्वतःच उत्तर दिलंय की! ट्रान्स-सायबेरियननं कुणी ऑफिसला जात नाही, तसं सिडनीचा माणूस दूध आणायला पर्थला जात नाही. २०२१ साली अमेरिकेत लोकांनी केलेल्या एकूण प्रवासांपैकी ५२ टक्के तीन मैलांच्या आतले होते आणि पन्नास मैलांच्या वरचे जेमतेम २ टक्के. देशाचा आकार या २ टक्क्यांना लागू पडतो. उरलेल्यांना घराबाहेरचा रस्ता कसा आहे याच्याशी मतलब.

आता तो म्हणेल, शहरंही पसरलेलीच आहेत. आहेत ना. पण २०१० च्या जनगणनेत उपनगरांसकट सलग वस्ती धरली तर लॉस एंजेलिस न्यूयॉर्कपेक्षा दाट निघालं. म्हणजे नुसत्या सरासरी घनतेवरून काही ठरत नाही. त्याच लॉस एंजेलिसच्या परिसरात एके काळी हजार मैलांहून जास्त विजेच्या रेल्वेचे रूळ होते. शेवटचा मार्ग १९६१ मध्ये बंद पडला. तोवर महामार्गांचा सपाटा सुरू झाला होता. १९५६ च्या कायद्यानं त्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारनं उचलला. तेव्हा 'गणित बसतं का' हे कुणी विचारलं नव्हतं, हे भावाच्या कानावर घाला.

माझा जन्म बसची वेळापत्रकं बसवण्यात गेला, म्हणून जरा त्याबद्दल. पसरलेल्या शहरात एका बसनं काम होत नाही, बदलावी लागते. समजा दोन्ही बस अर्ध्या तासानं आहेत. पहिली चार मिनिटं उशिरा आली आणि दुसरी नुकतीच गेली, की माणूस जवळजवळ अर्धा तास खांबाला टेकून उभा. असं दोनदा झालं की तो गाडी घेतो, आणि त्याचं काही चुकत नाही. दोन्ही बस दर दहा मिनिटांनी असत्या तर ती चार मिनिटं त्याला आठवलीही नसती. टोरंटोची युद्धानंतरची उपनगरं कुठल्याही अमेरिकन उपनगरासारखीच रुंद रस्त्यांची आहेत. पण तिथे मोठ्या रस्त्यांवरून बस नाकासमोर सरळ जातात, सारख्या येतात, मेट्रोच्या स्टेशनात शिरतात आणि बदलताना वेगळं तिकीट लागत नाही. ह्यूस्टननं २०१५ मध्ये फारसा खर्च न वाढवता सगळं जाळं याच धर्तीवर नव्यानं आखलं.

आणि पर्थ! शहर किनाऱ्यानं लांबच लांब पसरलेलं. तरी २००७ मध्ये तिथून मँडुरापर्यंत सुमारे ७० किलोमीटरची रेल्वे सुरू झाली, बराच भाग महामार्गाच्या मधोमध. स्टेशनपर्यंत चालत येईल असं कुणी फारसं राहतच नाही, म्हणून बस थेट स्टेशनाशी आणून भिडवल्या. (याच शहरात १९७९ मध्ये फ्रीमँटल बंदराकडे जाणारी रेल्वे बंद केली होती. लोकांनी रान उठवलं आणि १९८३ मध्ये ती परत सुरू करावी लागली.)

चष्मिस

दहा मिनिटांनी बस आली तरी उतरल्यावर काय, तेही लिहा. मला नजरेमुळे परवाना मिळत नाही आणि मी अशाच एका देशात राहते. थांबा म्हणजे गवतात रोवलेला एक खांब. दुकान समोर, पाटी मलाही वाचता येईल एवढी मोठी. मधे सहा पदरी रस्ता. सिग्नल पार लांब, तिथवर पदपथ नाही. माझ्यासारख्यांच्या पायांनी गवतात पडलेली वाट तेवढी आहे. पलीकडे गेलं की दुकानाच्या दारापर्यंत पार्किंगचं मैदान तुडवायचं, आणि ते निम्मं रिकामंच असतं.

हे मैदान दुकानदाराच्या हौसेनं झालेलं नसतं. इतक्या चौरस फुटांना इतक्या गाड्यांची जागा ठेवलीच पाहिजे, असा बहुतेक शहरांचा नियम असतो. अमेरिकेतल्या बफेलो शहरानं ही सक्ती २०१७ मध्ये काढली. कॅलिफोर्नियानं २०२२ मध्ये मोठ्या थांब्यांपासून अर्ध्या मैलाच्या आत ती उठवली. माझ्या लेखी नव्या बसपेक्षा ही बातमी मोठी.

उंटावरचा शहाणा

सगळं शहरांचंच चाललंय. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताची सरकारी बस २०१७ मध्ये बंद झाली. २०२१ मध्ये ग्रेहाउंड या लांब पल्ल्याच्या बस कंपनीनं कॅनडातला उरलासुरला गाशा गुंडाळला. खेड्यातल्या म्हातारीला तपासणीसाठी शहरात जायचंय, ती काय दहा मिनिटांच्या बसची वाट बघणार? तिथे मामेभावाचं बरोबर आहे.

वेळापत्रकवाला

अंतर खरं आहे, मान्य. पण म्हातारी गाडी तरी कशी चालवणार? तिथे प्रवासी मोजून बस ठरवायचीच नसते. दिवसातून एक, पण रोज, आणि दवाखान्याची वेळ सांभाळून परत आणणारी, एवढं पुरतं. ती तोट्यातच चालणार. त्या गावचा रस्ता कुठे नफ्यात आहे?

पायउतार

सगळं वाचून दाखवलं. पार्किंगवर तो गप्प झाला. आता म्हणतो, तिकडच्या थंडीत थांब्यावर उभं कोण राहणार!

चष्मिस

टोरंटोत बर्फ पडतो म्हणावं.