टेक्नो बनवतो पण सगळं ट्यूटोरियलसारखंच वाटते, आपला साउंड कसा सापडते?

महालचा_पोट्टा:
नमस्कार मंडळी. वय २१, अडीच वर्षांपासून एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरवर ट्रॅक बनवून राहिलो. आधी न्यूक्लिया या डीजेचे ड्रॉप (बीट जोरात परत येते ती जागा) ऐकून ऐकून कॉपी केले, मग डेट्रॉइट टेक्नोच्या, म्हणजे अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मशीनवरच्या नाचाच्या संगीताच्या मागे लागलो, आता किक स्वच्छ येते, साइडचेन (किक आली की बाकीचा आवाज दबणं) जमते, मिक्सही बरं होते. पण मागच्या महिन्यात एका लेबलला चार ट्रॅक पाठवले तर उत्तर आलं की चांगलं आहे पण यात तू कुठे आहेस. तेव्हापासून प्रोजेक्ट उघडतो आन् बंद करतो. ढोलकीचं सॅम्पल टाकून पाहिलं, तेही वरून चिकटवल्यासारखं वाटते. तुम्ही कसं केलं, खरंच सांगा.

इतवारी_बेस:
भाऊ, सॅम्पल टाकून नाई होत. मी पण तेच करत होतो. माझ्यासाठी गोष्ट बदलली ती धुमालमुळे, म्हणजे आपल्याकडच्या वरातीच्या बँडमुळे. आमच्या गल्लीतून वरात चालली होती, गाडीवर बेंजो, ऑक्टोपॅड, खाली ढोल-ताशे, मी फोनवर सात-आठ मिनिटं रेकॉर्ड केलं. भोंग्यामुळे आवाज पार फाटलेला, वापरण्यासारखा नव्हताच. पण घरी येऊन एकेक ठोका ग्रिडवर ठेवून पाहिला तर ताशा दरवेळी थोडा आधी येते आन् ढोल थोडा मागून, १५-२० मिलिसेकंदाचा फरक असेल, अन् त्या फटीतच पोट्टे नाचतात! मी फाइल डिलीट केली, फक्त ती फट ठेवली. क्वांटाइझ (ठोके आपोआप ग्रिडवर बसवणं) बंद करून हाय-हॅट तेवढीच आधी ओढली, किक मागे, आवाज सगळे सिंथचेच. पहिल्यांदा आईनं खोलीत डोकावून विचारलं, कोणाची वरात चालली बा?

रियाझ_आणि_वायर:
इतवारी दादांचं पटलं, त्यात माझी भर. चरणजित सिंग यांचा 1982 चा अल्बम ऐक, दहा रागांचा, डिस्को बीटवर. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारा माणूस, त्यांनी रोलँड कंपनीची टीबी-303 (बेसचं मशीन), टीआर-808 (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-8 (सिंथ) घेऊन भैरवी, ललत, मालकंस वाजवले. तेव्हा फारसा चालला नाही, 2010 मध्ये पुन्हा निघाला तेव्हा जगाचं लक्ष गेलं, कारण याच 303 च्या आवाजावर उभं राहिलेलं शिकागोचं नाचाचं संगीत, अ‍ॅसिड हाऊस, त्यानंतर पाच वर्षांनी, 1987 मध्ये रेकॉर्डवर आलं. 303 मध्ये स्लाइड असते, एक स्वर सरकत दुसऱ्यावर जातो, म्हणजे आपली मींडच की. मशीन बनवलं होतं गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून, सिंग यांनी त्यातून राग काढला. मी सहा वर्षं गाणं शिकले, पण हे ऐकेपर्यंत क्लास वेगळा आणि लॅपटॉप वेगळा असंच धरून चालले होते. आता एक राग घेते, त्यात नसलेले स्वर पियानो रोलवर (सॉफ्टवेअरमध्ये स्वर मांडायची जागा) म्यूट करते आणि महिनाभर त्यातच राहते. पहिले दहा दिवस फार कंटाळा येतो, मग हात आपोआप जागा शोधतो.

झाडीचा_राजा:
थोडं वेगळं मत आहे. नागपूरचा आहे म्हणून नागपूरचं वाजवलंच पाहिजे असं ओझं याच्यावर टाकू नका. डेट्रॉइटची आवड खोटी नाई ना. फक्त आवडलेल्या ट्रॅकमध्ये नेमकं काय आवडलं ते शोध, बेस की त्यातली शांतता. मी वर्षभर दर रविवारी एक ट्रॅक पूर्ण करायचा नियम पाळला, वाईट झाला तरी पूर्ण. तीसेक झाल्यावर दिसलं की प्रत्येकात मी बेस दोन बार (आठ ठोके) थांबवूनच आणतो. कोणी शिकवलं नव्हतं.

महालचा_पोट्टा:
मनापासून धन्यवाद. काल जुने प्रोजेक्ट लावून बसलो तर एक गोष्ट दिसली, माझ्या सगळ्या ट्रॅकमध्ये एक ओळ चार वेळा ओरडल्यासारखी येते, वर चढत. लहानपणापासून नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी बाबाच्या खांद्यावर बसून "घेऊन जा गे मारबत" ऐकलं, तोच चढ आहे तो. मी तो मिक्समध्ये दाबत होतो कारण कोणत्या ट्यूटोरियलमध्ये तसं नव्हतं. आज रात्री त्याच्या आवाजाचा फेडर वर करून पाहतो. ताई, सुरुवात भैरवीपासून करू की भूपाळीपासून?

रियाझ_आणि_वायर:
भूपाळी. पाचच स्वर आहेत.