सीलिॲक लेकीसाठी चकचकीत चिकन विंग्ज: सोया सॉसचं काय करू?

ठाणेकर_आई

लेक तेरा वर्षांची. पोट सतत दुखायचं, वजन वाढेना, हिमोग्लोबिन काही केल्या वर येईना. शेवटी रक्ताची टीटीजी तपासणी, मग एंडोस्कोपी, आणि सीलिॲक निघालं. गहू, जव, राय कायमचे बंद. पोळीचं फारसं अडलं नाही, ती आधीपासून भाकरीवालीच. रड आहे ती विंग्जची. ते तांबूस, चकचकीत, बोटांना चिकटणारे मिळतात ना, तेच हवेत. वाढदिवसाला मैत्रिणी येणार आहेत आणि मेन्यूत दुसरं काहीही चालणार नाही, असं फर्मान निघालंय.

बाहेरून आणायचा विषय संपला. एका ठिकाणी विचारलं तर "मॅडम, मैदा नाहीच, फक्त कॉर्नफ्लोअर" असं छातीठोक सांगितलं. सोया सॉसची बाटली दाखवा म्हटलं, तर घटकांत गहू. शिवाय शेजारच्या कढईत स्प्रिंग रोल पोहत होते, आणि विंग्जही त्यातच पडणार होते.

घरी ओटीजी आहे. तळायचं नाही, तरी कातडी कुरकुरीत हवी. आणि सोया सॉसशिवाय ती खमंग खारट चव कशी आणायची? तामारी, म्हणजे सहसा बिनगव्हाचा जपानी सोया सॉस, ऑनलाइन दिसते, पण एका वाढदिवसासाठी तेवढी महाग बाटली घ्यायचं जिवावर येतंय.

हौशी_बल्लव

ताई, एवढं मनावर घेऊ नका. किलोभर चिकनला चमचाभर सोया सॉस, त्यात गहू तो कितीसा! वाढदिवस आहे, एक दिवस खाऊ द्या पोरीला.

ओवी

बल्लवकाका, मी स्वतः सीलिॲक आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. हे पथ्य वजन कमी करायचं नाही, की एक दिवस सुट्टी घेतली आणि सोमवारपासून पुन्हा सुरू. ग्लुटेन, म्हणजे गहू-जव-रायमधलं प्रथिन, पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर चालून जातं. पोट दुखलं नाही तरी नुकसान होतंच. आपल्याकडे 'ग्लुटेन-फ्री' लिहायची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. त्यावरून चमचाभराचा हिशोब तुम्हीच करा.

ठाणेकर_आई, हिंगाचा डबा बघितलात का? बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, आणि तोच हिंग गोड्या मसाल्यात, लोणच्यात, तयार मसाल्यांत बसलेला असतो. माझं पहिलं वर्ष त्या हिंगाने खाल्लं. माल्ट व्हिनेगर जवाचं, तेही नको. होइसिन, ऑयस्टर सॉस, तयार तेरियाकी आणि मुलींची लाडकी कोरियन गोचुजांग, या सगळ्यांत गहू किंवा जव असण्याची शक्यता मोठी. पाकिटावर ॲलर्जनची ओळ असते, ती आधी वाचायची.

खाडीकाठ

तामारी राहू द्या. सोया सॉसच्या मागे लागूच नका, ही माझी पहिली सूचना. आपण बदली शोधत बसतो आणि बदली कायम बदलीच लागते. सोया सॉस तिथे दोन कामं करतो, रंग आणि ती तोंडात रेंगाळणारी खोल चव. रंगाला बेडगी आणि काळसर गूळ आहे. चवीला सोडे आहेत, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी! आमच्या कोकणात वांग्यात, पडवळात चार सोडे टाकले की भाजीचा नूर बदलतो, तो उगाच नाही. फक्त येणाऱ्या मुलींपैकी कुणाला कोळंबीची ॲलर्जी नाही ना, हे त्यांच्या आयांना आधी विचारा.

एक किलो विंग्जचं सांगते. मूठभर सोडे धुऊन, कोरडे करून मंद आचेवर कडकडीत भाजायचे आणि मिक्सरमधून बारीक पूड करायची. दीड चमचा पुरे. (भाजताना खिडक्या उघड्या ठेवा. सोसायटीत कोण काय म्हणेल ते म्हणेल.) सहा-सात बेडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि इंचभर आल्याबरोबर गंधासारख्या वाटायच्या. जाड बुडाच्या पातेल्यात मोठा चमचा लोणी, त्यावर वाटण. कच्चा वास जाऊन कडेने तूप सुटलं की पाव वाटी चिंचेचा घट्ट कोळ, अर्धी वाटी चिरलेला गूळ, सोड्यांची पूड आणि अर्धी वाटी पाणी. मीठ सगळ्यात शेवटी चाखून, कारण सोडे किती खारट निघतील ते दुकानावर असतं. आता ढवळत आटवायचं. चमचा बुडवून बाहेर काढा आणि पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही काठांनी रस खाली ओघळला नाही की गॅस बंद. पातळ वाटलं तरी बंद, कारण गार होताना गूळ आणखी आवळतो. कॉर्नफ्लोअर घालू नका. त्याने चकाकी येते खरी, पण खाताना खळ लागते.

विंग्ज घेताना चिकनवाल्याला "कातडीसकट द्या, सोलू नका" असं आधीच बजावा, नाहीतर आपल्याकडे हात सवयीने सोलतोच. घरी आणून राहिलेली बारीक पिसं गॅसच्या ज्योतीवर फिरवून जाळायची, सांध्यावर दोन तुकडे करायचे, टोकं सूपला. मग पुसायचं. नुसतं पाणी निथळून भागत नाही. ओली कातडी आधी वाफवते, मग कुठे भाजायला लागते. पुसून झालं की किलोला दोन सपाट छोटे चमचे बेकिंग पावडर (सोडा नव्हे, साबणासारखं लागेल) आणि मीठ-मिरपूड चोळून ताटात सुटं मांडायचं, आणि रात्रभर फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात उघडं ठेवायचं. खालच्या अशासाठी की थेंब कशावर पडू नये. सासूबाईंचं विरजण वर असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा. बेकिंग पावडरीत स्टार्च असतो, तो मक्याचा आहे ना, एवढं पाकिटावर बघा.

ओटीजी २२० अंशांवर चांगला तापू द्या. जाळीवर तुकडे, खाली ट्रे, साधारण पंचेचाळीस मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. चिकन ७४ अंशांना शिजतं, पण विंग्जना त्यापुढे जाऊ द्यावं, हाडाजवळचा चिवटपणा तेव्हाच सुटतो. रस भाजायच्या आधी लावू नका, गूळ जळून कडू होतो. भाजलेले तुकडे मोठ्या पातेल्यात घ्या, वरून गरम रस ओता, पातेलं उडवून घोळवा, आणि परत जाळीवर फक्त तीन-चार मिनिटं. बुडबुडे येऊन रस कातडीला चिकटतो, तेव्हा काढायचे.

जर्सीचा_जावई

खाडीकाठ, सोड्यांची आयडिया जबरी, इकडे इंडियन स्टोअरमध्ये शोधतो. एक भर घालतो. विंग्जचं मूळ गाव बफेलो, न्यूयॉर्क राज्यातलं. १९६४ मध्ये अँकर बारच्या टेरेसा बेलिसिमो यांनी ते पहिल्यांदा केले, असं सहसा सांगतात. त्या मूळ पद्धतीत पीठ लावतच नाहीत, नुसते तळून तिखट सॉस आणि लोण्यात घोळवतात. सॉसही मिरची, व्हिनेगर, मीठ, लसूण एवढ्याचाच. म्हणजे वस्तू मुळात गव्हाशिवायचीच, घोटाळा सामायिक तळणीचा. एखादी मुलगी गोड नको म्हणाली तर तो दुसरा प्रकार करता येईल.

ओवी

ओटीजीची जाळी! तिच्यावर पाव भाजला असेल तर घासून, वर फॉइल घालून मगच वापरा. लाकडी चमचा आणि पिठाची चाळणी नव्या घ्या, त्यांच्या फटीतलं पीठ निघत नाही. आणि भाकरीचं पीठ गिरणीतून आणत असाल तर ज्वारीच्या आधी कुणाचे गहू दळले ते विचारा. माझ्याकडे म्हणून घरघंटी आली.

ठाणेकर_आई

हिंगाचा डबा बघितला. "कंटेन्स व्हीट", इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लावावा लागला. आणि रोज आमटीत पडतोय! गिरणीचंही आजच विचारते. खाडीकाठताई, आईंचं विरजण खरंच वरच्याच कप्प्यात असतं, तुम्हाला कसं कळलं? आता एकच. मुली संध्याकाळी सहाला येणार, मला ऑफिसातून यायला पाच. आदल्या दिवशी काय काय उरकता येईल? आणि सोड्यांचं लेकीला आधी सांगू की खाल्ल्यावर?

खाडीकाठ

रस दोन दिवस आधी करून बरणीत ठेवा, वापरताना चमचाभर गरम पाणी घालून सैल करा. विंग्ज आदल्या रात्री फ्रिजमध्ये लागतातच. आल्या आल्या ओटीजी लावलात की सहाला ताट पुढे. एका जाळीवर किलोभर दाटीवाटीने मांडू नका, दोन घाणे करा. पहिला घाणा मुली संपवतील तोवर दुसरा होतो. सोड्यांचं खाल्ल्यावर सांगा.