सुपर कार्डांसाठी थांबायचं की १६ जीबी आत्ताच उचलायचं?

गुजरी_थ्रीडी

मंडळी, ग्राफिक कार्ड घ्यायचंय आणि निर्णय होईना. काम दागिन्यांचं: साज, ठुशी, हुपरीच्या पैंजणांचे कॅटलॉग, सगळं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या सायकल्स या रेंडर इंजिनवर. रात्री थोडं गेमिंग, १४४०पी वर. मशीन असं: रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड, ३२ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), जीटीएक्स १६६० सुपर ६ जीबी. मोठा सीन लावला की मेमरी संपल्याचा एरर येतो आणि रेंडर तिथंच थांबतं.

बजेट ५० हजार, फार तर ५५. डोळ्यासमोर आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी आहे. पण एनव्हिडियाचं ५०७० सुपर १८ जीबी मेमरी घेऊन येणार अशी चर्चा कधीपासून चाललीय. थांबावं का? शिवाय तेच ५०६० टीआय ८ जीबीमध्ये स्वस्त पडतं, आणि एएमडीचं ९०६० एक्सटी १६ जीबीही कमी पैशात बसतं. कुठलं घेतलं तर पुढची तीन-चार वर्षं बघायला नको?

पंचगंगा_सिलिकॉन

भावा, १८ जीबीचा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. त्यामागचा हिशोब समजून घे, म्हणजे पुढची प्रत्येक अफवा तुझी तुलाच तपासता येईल.

जीडीडीआर मेमरीची एक चिप ३२ बिटची. कार्डाची बस, म्हणजे मेमरी आणि कोर यांच्यातली वाट, किती बिटची ते बघायचं, ३२ ने भागायचं, तेवढ्या चिपा. ५०६० टीआयची बस १२८ बिट, म्हणजे ४ चिपा. ५०७० ची १९२, म्हणजे ६. ५०७० टीआय आणि ५०८० ची २५६, म्हणजे ८. चिप २ जीबीची असली की अनुक्रमे ८, १२ आणि १६ जीबी होतात. जीडीडीआर७ मध्ये आता ३ जीबीची चिप निघालीय. बस तीच ठेवून नुसती चिप बदलली की १२, १८ आणि २४. म्हणून ५०७० सुपरला १८ आणि ५०८० सुपरला २४ असं सगळे म्हणतात. कुणी ‘५०७० सुपर १६ जीबी’ म्हणालं, तर बस बदलल्याशिवाय तो हिशोब लागत नाही हे ध्यानात ठेव.

मग ५०६० टीआयला १६ कुठून आले? तिथं प्रत्येक ३२ बिटच्या वाटेवर दोन चिपा बसवल्यात, एक बोर्डाच्या पुढच्या अंगाला, एक मागच्या. दोघी १६-१६ बिट वाटून घेतात. याला क्लॅमशेल म्हणतात. जागा दुप्पट होते, वेग तेवढाच राहतो: ८ जीबीचं घे नाहीतर १६ चं, सेकंदाला ४४८ जीबी.

आता खरी मेख इथं आहे. ५०६० टीआय १६ जीबीला २ जीबीच्या ८ चिपा लागतात. ५०७० टीआयलाही ८ च, आणि त्याच वेगाच्या. अमेरिकेत पहिल्याची जाहीर किंमत ४२९ डॉलर, दुसऱ्याची ७४९. त्याच ८ चिपांत ५०६० टीआय ८ जीबीची दोन कार्डं होतात, ३७९ ची एक. मेमरी मुबलक असते तेव्हा याचा फरक पडत नाही. तुटवडा आला की कंपनी चिप कुठं वळवेल ते सांगायला नको. स्वस्तातलं १६ जीबी हेच सगळ्यात आधी आटणार.

आणि तुटवडा आहेच. जगात जीडीडीआर७ बनवणाऱ्या कंपन्या तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. तिघींचा ओढा एआय सर्व्हरच्या मेमरीकडं. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ३ जीबीच्या चिपा आधीच आरटीएक्स प्रो ६००० या व्यावसायिक कार्डात जातायत, एका कार्डात ३२ चिपा, ९६ जीबी. एवढ्या चिपांत १८ जीबीची पाच कार्डं होऊन दोन चिपा उरतात. सुपर मालिका या रांगेत मागं उभी आहे. जानेवारी २०२६ च्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात एनव्हिडियानं एकही नवीन डेस्कटॉप कार्ड जाहीर केलं नाही, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

माझं मत: थांबू नको. सुपर येईलही, पण तोवर तुझ्या बजेटातलं कार्ड महागलेलं असेल.

शाहूपुरी_हिशेब

वरचं पटलं. दराची बाजू मी मांडतो.

अमेरिकेतल्या डॉलरच्या किमतीत कर धरलेला नसतो. आपल्याकडं ग्राफिक कार्डावर १८ टक्के जीएसटी. डॉलर ९० रुपये धरला तर ४२९ चे ३८,६१०, त्यावर जीएसटी लावून ४५,५६० च्या आसपास. पुढं आयातदार, वितरक आणि दुकानदार यांचं मार्जिन. ९०६० एक्सटी १६ जीबीची जाहीर किंमत ३४९ डॉलर, तेच गणित ३७,०६० वर येतं. दुकानातला आकडा या तळाशी ताडून बघायचा. दहा टक्के वर असला तर रास्त, वीस-पंचवीस टक्के वर असला तर तुटवड्याचे पैसे आपण भरतोय.

आता ५०७० सुपर. साध्या ५०७० ची किंमत ५४९ डॉलर. सुपर त्याच किमतीत आलं असं उदार मनानं धरलं तरी ५८,३०० होतात, तेही मार्जिनच्या आधी. म्हणजे ज्याची वाट बघताय ते तुमच्या ५५ हजारांत पहिल्या दिवसापासूनच नाही.

काही जण २०२४ चा दाखला देतात. तेव्हा ४०७० सुपर जुन्या ४०७० च्याच ५९९ डॉलरला आलं, आणि ४०८० सुपर तर १,१९९ वरून ९९९ ला. खरं आहे, पण त्याच्या आदल्या वर्षी मेमरीचे भाव पडलेले होते. आज वारं उलटं आहे.

आणखी एक. काम धंद्याचं आहे, जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर स्वतःचा जीएसटी क्रमांक घालून घ्या. तो १८ टक्के इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतो. ४५,५६० मधले जवळजवळ ७ हजार. अफवेतल्या कुठल्याही दरकपातीपेक्षा ही बचत पक्की.

बी४५०_अजून_जिवंत

दोघांनी बोर्डाकडं बघितलंच नाही. बी४५० म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातली जोडणी पीसीआय एक्सप्रेस ३.०, वर रायझन ५६०० बसवला तरी. आणि ५०६० टीआयला लेन, म्हणजे त्या जोडणीतल्या वाटा, सोळाऐवजी आठच. ३.० वर आठ लेन म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबी. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग ४४८, म्हणजे ५६ पट. कार्डातली जागा संपली की उरलेला डेटा सिस्टिमच्या रॅममध्ये जातो आणि या अरुंद बोळातून ये-जा करतो. म्हणून ८ जीबीचं कार्ड बी४५० वर दुहेरी मार खातं: जागा आधी संपते आणि संपल्यावर वाटही निम्मी. गेममध्ये सरासरी फ्रेम ठीक दिसतात आणि मध्येच झटके बसतात, त्याचं कारण हेच. ८ जीबी तुझ्यासाठी बादच समज.

९०६० एक्सटीला पूर्ण १६ लेन आहेत, त्यामुळं जुन्या बोर्डावर ते बिनघोर चालतं. मेमरी जीडीडीआर६, सेकंदाला ३२० जीबी. फक्त गेमिंग असतं तर मी डोळे झाकून तेच सांगितलं असतं. पण सायकल्समध्ये कार्डावर रेंडर करायची एनव्हिडियाची ऑप्टिक्स ही पद्धत एएमडीच्या हिपपेक्षा पुढं आहे, आणि सोनं-हिऱ्यांची परावर्तनं म्हणजे किरणांचंच काम. पोटापाण्याचं रेंडर असेल तर ५०६० टीआय १६.

जाता जाता: बोर्ड बदलायला निघालास तर बी५५० घे, पण ५६००जी प्रोसेसर घेऊ नको. तो बी५५० वरही ३.० च देतो.

रंकाळा_रिग

जुन्यातलं ३०९० कुणी सुचवलं कसं नाही? २४ जीबी, ३८४ बिट, ऑप्टिक्स. ब्लेंडरला याच्या तोडीचं या पैशात काही नाही.

पंचगंगा_सिलिकॉन

@रंकाळा_रिग, जागेच्या बाबतीत बरोबर, पण त्याच्या मशीनला नाही. ३०९० एकटं ३५० वॅट घेतं, ५५० चा एसएमपीएस त्याला पुरत नाही. दुसरं, त्यात १ जीबीच्या २४ चिपा आहेत, पैकी १२ मागच्या अंगाला, जिथं पंख्याची हवा पोचत नाही. जीडीडीआर६एक्स तशीही तापट. क्रिप्टो मायनिंगला राबलेलं कार्ड असेल तर चिपेची उष्णता हीटसिंकला पोचवणारे थर्मल पॅड वाळलेले असतात आणि एप्रिल-मेमध्ये मेमरी ११० अंशाला टेकून वेग आपोआप उतरवते. पॅड बदलता येतात, पण प्रत्येक मॉडेलची जाडी वेगळी. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड लागला तरी हीटसिंक कोरवर नीट बसत नाही, मेमरी गार आणि कोर गरम. वॉरंटी संपलेल्या कार्डावर रोजचा धंदा उभा करू नये.

गुजरी_थ्रीडी

सगळ्यांचे आभार. ५०७० साधं १२ जीबी कुठं ५५ च्या जवळ मिळालं तर? कोर ताकदीचा आहे म्हणून विचारतोय. १२ पुरेल की नाही हे कसं ठरवायचं?

पंचगंगा_सिलिकॉन

मोजून ठरव. तुझा सगळ्यात जड सीन रेंडरला लाव, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू उघड. तिथं ‘डेडिकेटेड’ आणि ‘शेअर्ड’ असे दोन मेमरी आकडे दिसतात. डेडिकेटेड ६ ला टेकून शेअर्ड वर चढत असेल, तर दोघांची बेरीज ही तुझी आजची गरज. एररच येत असेल तर रेंडर प्रॉपर्टीजमधल्या सिम्प्लिफायमध्ये टेक्श्चरची (पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांची) मर्यादा २०४८ कर, आकडा लिहून घे, आणि टेक्श्चरचा वाटा हातानं जोड.

तो हिशोब असा: ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी एका टेक्श्चरला. फाइल जेपीजीमध्ये ३ एमबीची असली तरी कार्डात ती उलगडून ६४ चीच होते. रंग, रफनेस, नॉर्मल असे तीन नकाशे धरले तर एका मटेरियलला १९२ एमबी. १६ बिटचं टेक्श्चर असेल तर याच्या दुप्पट. वीस मटेरियलचा कॅटलॉग सीन नुसत्या टेक्श्चरमध्येच ४ जीबीच्या जवळ जातो. २०४८ वर मोजलं असशील तर तिथं याचा चौथा हिस्सा धरलेला आहे, उरलेले तीन हिस्से मिळव.

दागिन्यांत दुसरा खड्डा भूमितीचा. साजाचे जवमणी शिफ्ट+डी नं वाढवलेस तर प्रत्येक मण्याची जाळी वेगळी साठते. ऑल्ट+डी नं वाढवलेस तर एकच जाळी साठते, बाकीचे मणी नुसते तिच्याकडं बोट दाखवतात. पैंजणाची साखळी, घुंगरू, सगळं असंच बांध. शेकडो घुंगरांच्या सीनमध्ये इथंच काही जीबी वाचतात.

हे करूनही बेरीज ९ च्या आत राहिली तर ५०७० घे, ते नक्की जलद आहे. ९ च्या पुढं गेली तर ५०६० टीआय १६. विंडोज, ब्राउझर आणि ब्लेंडरचा व्ह्यूपोर्ट मिळून कार्डातले एक-दीड जीबी खातातच, म्हणून १२ म्हणजे हातात साडेदहा.

गुजरी_थ्रीडी

ऑल्ट+डी करून परत मोजलं. डेडिकेटेड ५.८, शेअर्ड ४.९. टेक्श्चर २०४८ वर असताना.

पंचगंगा_सिलिकॉन

मग विषय संपला. आत्ताच १०.७, टेक्श्चर पूर्ण केलीस की १२ ओलांडणार. १६ घे.

शाहूपुरी_हिशेब

काउंटरवर पैसे देण्याआधी बघायच्या गोष्टी. ५०६० टीआयची ८ आणि १६ जीबीची खोकी सारखीच दिसतात, आकडा खोक्याच्या कडेला बारीक असतो. खोक्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर एकच हवा. त्या ब्रँडची वॉरंटी कोल्हापुरात जमा होते की कुरियरनं बाहेर पाठवावी लागते, आणि तो खर्च कुणाचा, हे बिल फाडायच्या आधी विचारा.

घरी आल्यावर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. मेमरी १६३८४ एमबी, प्रकार जीडीडीआर७, बस १२८ बिट दिसली पाहिजे. बस इंटरफेसच्या रकान्यात पुढं ‘x८ ३.०’ दिसेल, तुमच्या बोर्डाला ते बरोबर आहे. ‘१.१’ दिसलं तर घाबरू नका, कार्ड रिकामं बसलेलं असतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी रेंडर चालवला की ३.० होतं. मग ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) चाचणी अर्धा तास चालवा. एकही एरर आला तर कार्ड परत.

बी४५०_अजून_जिवंत

एसएमपीएस राहिला. कार्ड १८० वॅटचं, ५६०० फार तर ७६, बाकी सगळं ५० धर, एकूण ३१० च्या घरात. एनव्हिडिया ६०० वॅट सुचवते, पण चांगल्या ब्रँडचा ५५० वॅट ब्राँझ असेल आणि पाच वर्षांच्या आतला असेल तर चालतो. आठ पिनची केबल एसएमपीएसमधून थेट आलेली असावी, मोलेक्सवरून जोड मारू नको.

यूपीएस मात्र बघ. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. मॉनिटर धरला की रेंडरमध्ये तो काठावर येतो आणि वळिवात लाइट गेली की मशीनसकट बसतो. १,००० व्हीएच्या वरचा घे.

गुजरी_थ्रीडी

यूपीएस ६०० चाच आहे. दोन्ही एकदम घेतो, बिल एकाच जीएसटी क्रमांकावर.