मूल नाही, मग मागं कोण?

शहापूरचा_माग: लग्न असो, दिवसकार्य असो, कुणीतरी विचारतंच, "मागं कोण तुमच्या?" आम्हा दोघांना मूल नाही, पन्नाशी उलटली. माझं स्पष्ट मत आहे, ह्या प्रश्नात माया कमी आणि जमिनीचा उतारा जास्त असतो. शिरसंगीचे वतनदार लिंगराज देसाई बघा. स्वतः दत्तक आलेले, पुढं त्यांनाही मागं मूल नाही. 1906 साली गेले ते देसगतीचं, म्हणजे वतनाचं, उत्पन्न पोरांच्या शिक्षणाला लिहून ठेवून. बेळगावात 1933 पासून त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. वंशावळ कुणाला ठाऊक नाही, कॉलेज कुठं ते रिक्षावाला सांगतो.

खानापूरचा_पावणा: देसायांचं देसायांना शोभतं हो. आपलं दोन एकर भात, त्यावर कसला ट्रस्ट काढताय? रात्री दोनला छातीत दुखलं तर गाडी कोण काढणार ते बोला.

निपाणीची_लेक: ज्यांना मुलं आहेत त्यांची तरी कोण काढतंय? आमच्या गल्लीत म्हातारी माणसं एकटी, पोरं पुण्याला नाहीतर बेंगळूरला. दवाखान्यात नेतो शेजारचा. आणि त्या शेजाऱ्याशीच बांधावरून भांडण चालू असतं, ती गंमत वेगळी.

खानापूरचा_पावणा: तरी आग द्यायला पोरगा येतोच की. भावाचा मुलगा दत्तक घ्या, विषय संपला.

शहापूरचा_माग: कित्तूर संस्थानचा संपला होता का? तिथलं दत्तकविधान ईस्ट इंडिया कंपनीनं मानलं नाही, म्हणून तर 1824 ची लढाई. राज्य गेलं, चन्नम्मा राणी बैलहोंगलच्या कैदेत 1829 ला वारली. आज नाव तिचं घेतात. त्या दत्तकाचं नाव न बघता सांगा बघू.

अनगोळची_वहिनी: तुम्ही पुरुषमाणसं थेट इतिहासात शिरता. डोहाळजेवणात ओटी भरायची वेळ आली की मला हळूच स्वयंपाकघरात पाठवायच्या, त्याला लिंगराज काय करणार? मूल हवं होतं, झालं नाही, दुःख आहे. ते झाकायला "वारसा" कशाला? संध्याकाळी गल्लीतली चार पोरं येतात, शाळा कानडी किंवा इंग्रजी, त्यांना मराठी वाचायला शिकवते. उद्या विसरली तरी चालेल. मला त्यांची कटकट आवडते, एवढंच.

शहापूरचा_माग: वहिनी, विसरली तरी चालेल हे मला नाही पटत. मग मराठीच कशाला, कॅरम खेळा.

अनगोळची_वहिनी: कॅरमपण खेळतो.

कोर्टाजवळचा: भावनेचं तुमचं तुम्ही बघा, एक व्यवहाराचं सांगतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिनं स्वतः कमावलेलंसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडं जातं. म्हणजे दीर-पुतण्यांकडं. तिच्या आईबापांचा नंबर त्यानंतर. माहेरकडून वारशानं आलेलं असेल तर ते बापाच्या वारसांकडं परत जातं. बाईनं आयुष्यभर शिलाई करून घेतलेली जागा, आणि तिला शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या भाचीला दमडी नाही, असं होऊ शकतं. मृत्युपत्र केलंत तर स्वतःचं कुणालाही देता येतं, भाचीला, वाचनालयाला, शेजाऱ्याला.

निपाणीची_लेक: हे बायकांना कुणी सांगतच नाही! मूल नसलेल्या बाईनं मृत्युपत्राचा विषय काढला की "एवढा भरवसा नाही का आमच्यावर" म्हणून रुसवेफुगवे.

खानापूरचा_पावणा: कागदानं माणूस जवळ येत नाही, माझं म्हणणं तेच आहे. पण वहिनींच्या नावावर जागा असेल तर त्यांनी करावं, हे मान्य. रजिस्टर करावंच लागतं का?

कोर्टाजवळचा: सक्ती नाही, केलेलं बरं. दोन साक्षीदार मात्र पाहिजेतच, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार घेऊ नका.

अनगोळची_वहिनी: मग पावणं, तुम्ही या साक्षीला. तुम्हाला काहीच देणार नाही.