फोन दोघांत एक, घर एकाच खोलीचं. मनासाठीचं ॲप परत घेऊ का?

तिसरं वर्ष बीकॉम

मी सोलापुरात विडी घरकुलात राहते. घरी तेलुगू, कॉलेजात मराठी, आणि हे ॲप इंग्रजीत. दिवाळीपासून झोप उडालीय. रात्री अडीचला जाग आली की आलीच. पुस्तक उघडलं की एकाच ओळीवर डोळे फिरत राहतात. दोन वर्षं एकही विषय राहिला नव्हता, यंदा कॉस्टिंग राहिला.

मैत्रिणीने ॲप सांगितलं. रोज रात्री पाच चेहऱ्यांतला एक निवडायचा आणि दोन ओळी लिहायच्या. त्या दोन ओळींचा मला खरंच आधार झाला होता. अम्मासमोर रडता येत नाही. ती सकाळपासून सूप मांडीवर घेऊन बसते. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, मान वर नाही. तिच्यापासून हातभर अंतरावर माझा अभ्यास.

फोन माझा आणि अण्णाचा, म्हणजे मोठ्या भावाचा, मिळून एकच. गेल्या आठवड्यात त्याच्या हातात असताना ॲपची सूचना आली, आज रडलीस का अशा अर्थाची. त्याने ती मोठ्याने वाचली. अम्माने विचारलं, "कोण विचारतंय हे?" मी म्हणाले, जाहिरात आहे. त्याच रात्री ॲप काढून टाकलं.

त्याआधी त्यात नऊ प्रश्नांची चाचणी दिली होती. २७ पैकी १३ आले. म्हणजे मला आजार आहे का? फोनवर कुणाशी बोलायचं म्हटलं तरी घरात बोलू कुठे?

बार्शीकर, रूमवर

ताई, सेटिंगमध्ये जाऊन त्या एकाच ॲपच्या सूचना बंद करता येतात. ॲपला वेगळा पिनही ठेवता येतो का बघा. परीक्षेच्या आधी छाती धडधडायची, तेव्हा ॲपमधल्या श्वासाच्या व्यायामाने मला फरक पडला. मनातलं मात्र मी वहीत लिहितो, कारण आम्ही रूमवर तिघं आहोत आणि फोन कुणीही उचलतं.

समुपदेशक, जुळे सोलापूर

तुला तू म्हणते, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. ती चाचणी गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण. १० ते १४ म्हणजे मध्यम त्रास. तिच्यावरून आजार ठरत नाही, माणसाला भेटायची वेळ झाली एवढं कळतं. रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलं, तरी असाच थकवा येतो. तेही तपासायला हवं.

नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल असतो. त्यात शून्याशिवाय काही लिहिलं असशील तर एकूण बेरीज बघत बसू नकोस, आजच बोल.

इंग्रजीतले प्रश्न वाचून मुली "नाही" लिहितात. मी "करमतं का गं?" असं विचारलं की डोळे भरून येतात. म्हणून १४४१६ ला फोन कर. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. कॉलेज सुटल्यावर सिद्धेश्वर तलावाकाठी बसून कर, घरातून नको. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. २०१७ च्या कायद्याने तिथल्या डॉक्टरांना तुझी माहिती गुप्त ठेवावीच लागते. ॲपचं तसं नाही. तू लिहिलेलं ते कुणाला देतात, हे त्याच्या अटींत वाचल्याशिवाय नाव-नंबर घालू नकोस.

कॉलेजातही विचार. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय.

तिसरं वर्ष बीकॉम

नवव्याला शून्यच होतं, मॅडम. काल तलावाकाठून फोन केला. मराठीत सुरुवात केली, पण अम्माचं सांगताना तेलुगूच तोंडात आलं. पलीकडच्या ताईंनी घाई केली नाही. मी सावरून परत मराठीत सांगेपर्यंत थांबल्या. त्यांनीही डॉक्टरांना भेटायला सांगितलं.

रात्री अम्माला म्हणाले, ती जाहिरात नव्हती. ती काही बोलली नाही. सूप खाली ठेवलं आणि कधी जायचं ते विचारलं. ती बरोबर येणार म्हणजे तिचा दिवसाचा रोज बुडणार. सिव्हिलला केसपेपरसाठी सकाळी किती वाजता गेलं तर लवकर नंबर लागतो, कुणाला माहीत असेल तर सांगा.