मुहूर्तमेढीतली मेढ परत कामाला लावता येईल का?

आयोवाकर

मी अमेरिकेत, आयोवा राज्यात, डे मॉइन शहरापासून तासाभराच्या अंतरावर राहतो. परसात सुतारकाम आणि लोखंडकाम करायला ४० फूट रुंद, ६४ फूट लांब अशी जागा बांधायला घेतली आहे. या पद्धतीला इकडे 'पोस्ट-फ्रेम' म्हणतात, जुने शेतकरी 'पोल बार्न' म्हणतात. माझे वडील सांगली जिल्ह्यात आयुष्यभर गवंडीकाम करत होते. मागच्या रविवारी त्यांनी फोनवर विचारलं, "पाया भरून झाला का?" मी म्हटलं, दादा, याला पाया नसतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग ते उभं कशावर राहणार?"

मला नीट सांगता आलं नाही. बांधकाम मला समजतं, पण सांगायला मराठी शब्द नव्हते. दादा मे महिन्यात इकडे येणार आहेत आणि त्यांच्या हाताखाली काम करायची माझी फार इच्छा आहे. त्यांना पाठवायच्या नकाशावर सगळी नावं मराठीत लिहायची आहेत, म्हणून हा धागा.

बांधकाम थोडक्यात असं. चर खणून सलग पाया भरत नाहीत. दर ८ फुटांवर एक गोल खड्डा पाडतात. खड्डा ४ फूट किंवा त्याहून खोल असतो, कारण हिवाळ्यात इथली जमीन गोठते आणि फुगून वर उचलते. आमच्या भागात ४२ इंचांपर्यंत ती गोठेल असं धरूनच बांधावं लागतं. खड्ड्याच्या तळाशी काँक्रीटची जाड चकती, तिच्यावर लाकडी खांब, आणि खड्डा भरून घट्ट ठोकायचा. खांबांच्या बाहेरून, साधारण दर दोन फुटांवर आडवी लाकडं ठोकायची, वर तिकोनी सांगाडे चढवायचे, आणि मग सगळ्याला पत्रा. जमिनीचं काँक्रीट बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी. भिंत वजन घेत नाही. वजन खांब घेतात.

'खांब-चौकट बांधकाम' हा शब्द मला सुचला, पण दादांना तो वाचून दाखवायची हिंमत होत नाही. काय म्हणावं?

भाषांतरवाली

'खांब-चौकट' नको. चौकट म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर दाराची चौकट येते. 'सांगाडा' जास्त बरा. 'खांबी सांगाडा' कसं वाटतं?

तळकोकणी

तुम्ही जे वर्णन केलंत त्याला मराठीत शब्द आहे, आणि तो आपण सगळे दर आठवड्याला वर्तमानपत्रात वाचतो. मेढ.

"अमुक संस्थेची मुहूर्तमेढ रोवली गेली" असं वाचताना मेढ म्हणजे काय हे कोणी थांबून विचारत नाही. मेढ म्हणजे जमिनीत रोवायचा लाकडी खांब, बहुतेक वेळा वर बेचकं असलेला. त्या बेचक्यात आडवं लाकूड बसतं. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब मुहूर्त पाहून रोवायचा, ती मुहूर्तमेढ. खांबांचं कुंपण घालून केलेला तात्पुरता कोट तो मेढेकोट.

सिंधुदुर्गात आमच्या घरापुढच्या खळ्यात पाऊस सरला की मांडव पडतो, मालवणीत माटव. मृगाच्या आधी तो काढायचा. माझे आजोबा दर वर्षी त्याच खड्ड्यांत मेढी उभ्या करायचे. पावसाळ्यात त्या खड्ड्यांत दगड घालून ठेवायचे, म्हणजे माती भरत नसे आणि पुढच्या वर्षी ओळंबा लावायची फारशी गरज पडत नसे. मेढ शक्यतो खैराची किंवा ऐनाची. जमिनीत जाणारा बुंधा आधी आगीवर काळा होईपर्यंत भाजायचा, वाळवी लवकर लागू नये म्हणून.

दादांना सांगा, पाया भरायचा नाही, मेढी रोवायच्या आहेत. एका वाक्यात कळेल.

आयोवाकर

हे वाचून खरंच अंगावर काटा आला. लहानपणापासून हा शब्द माझ्या तोंडात आहे आणि मी तो शोधत फिरत होतो.

पुणेरी अभियंता

शब्द सुंदर आहे, पण दोन शंका. पहिली, मेढीला बेचकं हवं. बेचकं नसेल तर तो नुसता खांब किंवा डांब. दुसरी, आपल्याकडच्या वाड्यांतला खांब जमिनीत पुरलेला नसतो. तो तळखड्यावर, म्हणजे घडीव दगडी बैठकीवर उभा असतो. तळखडा लाकडाला ओलीपासून दूर ठेवतो, म्हणून सागवानी खांब शंभर-दीडशे वर्षं टिकलेले दिसतात. पुरलेल्या लाकडाचं आयुष्य जमिनीलगतच्या वीतभर भागावर ठरतं, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे मिळतात आणि कूज तिथेच धरते. कायमच्या वास्तूला मांडवाचा शब्द दिला तर ती तात्पुरती वाटेल.

आयोवाकर

बेचक्याबद्दल आधी सांगतो, कारण याचं उत्तर माझ्या परसातच पडलेलं आहे. माझे खांब अखंड लाकडाचे नाहीत. तीन फळ्या एकमेकींना चिकटून ठोकलेल्या आहेत. वरच्या टोकाला मधली फळी मुद्दाम आखूड ठेवलेली असते, त्यामुळे दोन बाहेरच्या फळ्यांमध्ये खाच तयार होते. तिकोनी सांगाड्याचं टोक वरून त्या खाचेत उतरतं आणि मग आरपार बोल्ट बसतो. म्हणजे वजन बोल्टवर लटकत नाही, थेट लाकडावर बसतं. हे बेचकंच झालं की नाही?

तळकोकणी

झालं. झाडाने दिलेलं नाही, सुताराने केलेलं. पण काम तेच.

पुणेरी अभियंता

मान्य. खाचेची ही गोष्ट मला माहीत नव्हती. माझी पहिली शंका मागे घेतो.

साईटवाला

तळखड्याचा मुद्दाही सोडून देऊ नका. तिकडे हल्ली काही लोक खांब पुरत नाहीत. जमिनीत काँक्रीटचा खुंट ओततात, त्यात लोखंडी पकड बसवतात आणि लाकूड जमिनीच्या वर त्या पकडीत ठेवतात. हा सरळ तळखडा आहे, फक्त नट-बोल्टवाला. फरक वाऱ्यात कळतो. पुरलेली मेढ तळाशी घट्ट धरलेली असते, त्यामुळे आडव्या जोराला ती स्वतः उभी राहते. पकडीतला खांब पायाशी बिजागरीसारखा वागू शकतो, मग त्याला तिरपे टेके किंवा भिंतींचा ताठपणा लागतो. म्हणून दोन्हींना एकच नाव देऊ नये. पुरलेली ती मेढ, बैठकीवरचा तो खांब. मराठीने हा भेद करून ठेवलाच आहे, आपण तो का पुसायचा?

शिवाय तुमच्या बांधकामात पत्रा नुसतं पांघरूण नाही. जवळजवळ स्क्रू मारून बसवलेला पत्रा भिंतीला आणि छपराला ताठ पडदा बनवतो आणि वाऱ्याचा जोर एका बाजूकडून दुसरीकडे पोचवतो. दादांना हे आवर्जून सांगा. आपल्याकडे पत्रा म्हणजे सगळ्यात शेवटची, सगळ्यात हलकी गोष्ट समजतात.

आयोवाकर

सांगतो. १० ऑगस्ट २०२० ला इथे जे सरळ रेषेतलं वादळ आलं, डेरेचो, त्यानंतर आमच्या गावात वाऱ्याविषयी कोणी हलकेपणाने बोलत नाही.

माळवदकरीण

मी उस्मानाबाद, आता धाराशिव, जिल्ह्यातली. माझा शब्द आहे खण. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. आमच्याकडे घर चौरस फुटांत कोणी सांगत नसे. "पाच खणाचं घर", "वाटणीत दोन खण आले", असंच बोलत. माळवदाच्या घरात छत खांब आणि तुळयांवर असतं, त्यावर किलच्या, म्हणजे लाकडाच्या आखूड फळ्या, त्यावर मातीचा थर, आणि बाहेरची दगडमातीची भिंत ही आडोशाला. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात त्या जाड भिंतींनी माणसं मारली. कितीतरी घरांत भिंती ढासळल्या होत्या आणि लाकडी खण मात्र उभे होते. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. ते उभे खांब मला अजून दिसतात. वजन कोण घेतं आणि भिंत कशासाठी असते, हे तुम्ही लिहिलंत ते आमच्याकडे लहान मुलांनाही कळलं होतं.

तुमचं ६४ फूट, दर ८ फुटांवर मेढ. म्हणजे आठ खणी.

आयोवाकर

आठ खणी. लांबीच्या दोन बाजूंना नऊ-नऊ मेढी. नकाशावर हेच लिहितो. तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, ताई.

तळकोकणी

छपराकडे या. आढं, वासे, रिपा ही आपली उतरंड. आढं सगळ्यात वर, वासे आढ्यापासून खाली उतरतात, रिपा वाशांवर आडव्या. वासे माडाचे आणि रिपा पोफळीच्या, ही आमच्याकडची रीत.

साईटवाला

पण यांच्याकडे आढं नाहीच. तिकोनी सांगाडा म्हणजे कैची. हा शब्द वर्कशॉपपासून मंगल कार्यालयापर्यंत सगळीकडे चालतो, कोणाला समजावावा लागत नाही. कैची ४० फूट एका झेपेत जाते, म्हणून मध्ये खांब नको. कैच्यांवर जी आडवी लाकडं टाकतात त्यांना साईटवर 'परलीन' म्हणतात. तेच ठेवा.

भाषांतरवाली

परलीनला 'आडवासा' म्हणता येईल?

तळकोकणी

नको. वासा उताराच्या दिशेने असतो, तोच त्याचा धर्म. आडवा वासा म्हणजे वासाच नव्हे. हवं तर जाड रीप म्हणा.

पुणेरी अभियंता

परलीनच ठेवा. गवंड्याला, सुताराला आणि फॅब्रिकेटरला तिघांना कळणारा शब्द मराठीच झाला.

भाषांतरवाली

पटलं. आता लाकडाबद्दल. जमिनीत जाणारं लाकूड दाबाखाली औषध घालून तयार करतात ना? सरकारी मराठीत त्याला 'प्रक्रियाकृत' म्हणतील. मला तो शब्द मेलेला वाटतो. मुरवलेलं लाकूड म्हणूया का? लोणचं मुरतं तसं औषध आत मुरतं.

साईटवाला

फार छान. आणि या मुरवण्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं जे मिश्रण जगभर खांबांना वापरलं गेलं, ते १९३३ मध्ये एका भारतीय शास्त्रज्ञाने, सोन्ती कामेसन यांनी शोधलं. ते देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत होते. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती लाकडासाठी ते मिश्रण उत्पादकांनी थांबवलं, आर्सेनिकमुळे. पण जमिनीत लाकूड टिकवून धरायची युक्ती म्हणून आयोवातल्या गोठ्यांखाली देहरादूनचं डोकं आहे, हे दादांना नक्की सांगा. कापताना मास्क लावा आणि भुसा जाळू नका, हेही सांगा.

आयोवाकर

हे अजिबात माहीत नव्हतं. इथे लोक सांगतात की ही पद्धत १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, शेतकऱ्यांना स्वस्तात गोठे हवे होते म्हणून रुळली. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच दशकातल्या.

पुणेरी अभियंता

दशकाचं सोडा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांहून जुन्या घरांच्या जमिनींत खांबांचे खळगे सापडले. लाकूड कधीच मातीला मिळालं, खळगे राहिले. मेढ तात्पुरती वाटेल असं मी वर लिहिलं होतं. ते वाक्य आता मला बरोबर वाटत नाही.

माळवदकरीण

आणि त्या जागेलाच काय म्हणणार? 'कार्यशाळा'? म्हणजे दोन दिवसांचं शिबिर, चहा-नाश्ता आणि प्रमाणपत्र.

साईटवाला

एसटीने तो शब्द जिवंत ठेवलाय. दापोडीची मध्यवर्ती कार्यशाळा, प्रत्येक विभागाची विभागीय कार्यशाळा. तिथे खरोखर पाने-हातोडे चालतात. आमच्या वडिलांच्या तोंडी मात्र 'वर्कशॉप'च होतं.

भाषांतरवाली

'साळ' घ्या. टांकसाळ, पडसाळ, लोहारसाळ. शाळा या शब्दाचंच घरगुती रूप आहे. कामसाळ?

तळकोकणी

लोहारसाळ बोलण्यातला शब्द आहे, कामसाळ घडवलेला. ऐकायला गोड आहे, पण दादा विचारतील हे काय. आमच्याकडे बागेत, घरापासून दूर बांधलेल्या कामाच्या खोपीला मांगर म्हणतात. अवजारं, सुकं गवत, काजूच्या हंगामात राबणारी माणसं, सगळं तिथे. पण सांगलीला मांगर कळणार नाही.

आयोवाकर

काल रात्री दादांशी बोललो. त्यांना फोटो पाठवले आणि म्हटलं, दादा, पाया नाही, मेढी रोवायच्या आहेत, आठ खणी. ते लगेच म्हणाले, "मग असं सांग की! मेढ किती खोल?" मी म्हटलं साडेचार फूट. "खाली काय?" काँक्रीटची चकती. "म्हणजे तळखडाही आहे, पुरलेला." हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग कैची, परलीन, मुरवलेलं लाकूड, सगळं एका दमात सांगितलं. जमिनीच्या काँक्रीटला मी 'स्लॅब' म्हणत होतो, त्यांनी दुरुस्त केलं: स्लॅब डोक्यावर असतो, पायाखाली कोबा. कोब्याचं काम मी येईपर्यंत ठेव, असंही बजावलं. जागेला ते आपणहून 'तुझं वर्कशॉप' म्हणाले, तेव्हा तो प्रश्न मी मिटलेला समजतो.

एकच गोष्ट राहिली. मेढींना बाहेरून ठोकायची आडवी लाकडं, ज्यांवर भिंतीचा पत्रा बसतो. इथे त्यांना 'गर्ट' म्हणतात. मी नकाशावर सध्या 'आडपट्टी' लिहिलंय.

माळवदकरीण

पट्टी पातळ वाटते. हे लाकूड किती जाड आहे?

आयोवाकर

दीड इंच जाड, साडेपाच इंच रुंद.

तळकोकणी

कुडाच्या भिंतीत मेढींना आडव्या बांधतात त्या कांबी. पण त्या बांबूच्या, चिरलेल्या. एवढ्या जाड लाकडाला कांब म्हणवत नाही. दादांनाच विचारा, ते मे महिन्यात हातात धरून बघतील तेव्हा.

आयोवाकर

बरं. नकाशावर ती जागा रिकामी सोडतो.