नववीतील मुलीचे वाढलेले वजन आणि घसरलेले गुण : सुरुवात कुठून करावी?

नमस्कार. आम्ही जुळे सोलापूर येथे राहतो. माझी १४ वर्षांची मुलगी नववीत आहे. तिची उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ६६ किलो आहे, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) साडेअठ्ठावीसच्या आसपास येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या या वयाच्या मुलींसाठीच्या तक्त्यात हा आकडा स्थूलतेच्या रेषेपलीकडे जातो. आठवीत ८४ टक्के मिळवणारी ही मुलगी प्रथम सत्रात ६८ टक्क्यांवर आली, आणि ती जाड झाली म्हणून आळशी झाली असे नातेवाइकांनीच नव्हे, तर शाळेतही ठरवून टाकले आहे. मला हे पटत नाही.

ब्रिटनमधील हजारो मुलांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ११व्या वर्षी स्थूल असलेल्या मुलींना १६व्या वर्षीच्या परीक्षेतही कमी गुण मिळाल्याचे आढळले. घरची आर्थिक स्थिती आणि बुद्ध्यंक हिशेबात धरूनही हा संबंध टिकला, मुलग्यांमध्ये मात्र तो तितका स्पष्ट नव्हता. सारा दोष केवळ वजनाचा असता, तर मुलगे-मुली असा फरक का पडावा?

ती रात्री घोरते आणि सकाळच्या शाळेत पहिल्या तासांना पेंगते. घोरताना श्वास अडखळत असेल, तर झोप तुटते आणि एकाग्रता कमी होते, एवढे मला माहीत आहे. पाळी अनियमित आहे, मानेची त्वचाही काळवंडली आहे. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनची तपासणी अद्याप केलेली नाही. वजन जास्त असले तरी रक्त कमी असू शकते.

मला अधिक काळजी वाटते ती शाळेतील वागणुकीची. सर्वांसमोर वजन करून आकडा मोठ्याने वाचला गेला, तेव्हापासून मुली तिला नावे ठेवतात. खेळाच्या तासाच्या दिवशी तिचे पोट दुखते, गैरहजेरी वाढली आहे, आणि उत्तर येत असूनही ती हात वर करत नाही. उभे राहिले की सगळे बघतात, असे ती म्हणते.

रात्रीचे जेवण बंद करण्याचा सल्ला मी मानणार नाही, कारण तिचे वाढीचे वय आहे. भाकरी, आमटी, भाजी घरात नेहमीप्रमाणेच राहील.

प्रथम बालरोगतज्ज्ञांना दाखवावे की थेट झोपेची तपासणी करून घ्यावी? सोलापुरात किशोरवयीन मुलांशी नीट बोलणारे समुपदेशक कोणाच्या माहितीत आहेत का? आणि वजनाची नोंद खासगीत घ्यावी, अशी मागणी मुलीला त्रास न होता मुख्याध्यापकांकडे कशी मांडावी? ज्यांनी असे पत्र दिले असेल, त्यांनी त्यातील मजकूर कृपया सांगावा.